मातीनं राखलेला देव

मेहकरच्या शारंगधर बालाजीचं दर्शन घ्यायचं तर आधी पायांकडं बघायचं आणि मग नजर हळूहळू वर न्यायची, असं आमच्या घरी शिकवलेलं होतं. मूर्ती काळ्या पाषाणाची, सुमारे अकरा फूट उंच. लहान पोराच्या डोळ्यांसमोर येतात ते फक्त चरण. आजोबा, म्हणजे आमचे आबा, माझा हात धरून उभे राहत आणि कानाशी म्हणत, "घाई करू नको. पाय, मंग गुडघे, मंग कंबर, मंग हात. मुखापर्यंत जाता जाता आपलं मन बी वर आलं पाह्यजे." देवाचं वर्णन पायांपासून सुरू करून मस्तकापर्यंत न्यायची रीत जुन्या स्तोत्रांतही आहे. ती स्तोत्रं आबांना ठाऊक नव्हती. पण रीत ठाऊक होती आणि तिचं कारणही.

दर्शन झालं की देवळाच्या ओट्यावर बसायचं आणि गोष्ट ऐकायची. आबांची गोष्ट नेहमी दैत्यापासून सुरू व्हायची. बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोन भाग मानतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेचं काळं खोरं. तिथं मलकापूर, खामगाव, शेगाव. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटावरचं बरंच पाणी पैनगंगा नेते. ती बुलढाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते आणि मेहकरला भेटून पुढं वाशीमकडं जाते. या घाटावरच्या मुलखात दोन दैत्य होते. एक मेहकरचा मेघंकर, दुसरा लोणारचा लवणासुर. दोघांनाही विष्णूनं मारलं. मेघंकरासाठी तो शारंगधर झाला, लवणासुरासाठी दैत्यसूदन.

आबांच्या तोंडचा मेघंकर ढग अडवून ठेवायचा. मृगाचं नक्षत्र निघालं, पेरणीसाठी रान तयार झालं, आभाळ भरून आलं, की हा डोंगराआड उभा राहून ढग मुठीत धरायचा. मग ऋषींचे यज्ञ बंद पडत आणि कुणब्यांची तिफण उभी राही. शेवटी विष्णूनं शार्ङ्ग धनुष्य उचललं, बाण सोडला आणि मेघंकराची मूठ सुटली. पडलेल्या पावसाचं पाणी पैनगंगेला मिळालं. ही कथा मी पुढं दुसऱ्या रूपात वाचली. वेदांतला इंद्र वृत्राला मारतो आणि कोंडलेलं पाणी मोकळं करतो. देवाचं नाव बदललं, शस्त्र बदललं, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या मनातली धास्ती हजारो वर्षं तीच राहिली. आमच्या भागात दैत्य म्हणजे पाणी अडवणारा, आणि देव म्हणजे ते सोडवणारा.

हे स्थान जुनं आहे याला पुराणाचा आधार आहे. मत्स्यपुराणात श्राद्धाला योग्य अशा तीर्थांची मोठी यादी येते. तिच्यात मेघकर नावाचं तीर्थ आहे आणि तिथं शार्ङ्गधर विष्णूचा वास असल्याचं म्हटलं आहे. अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं; अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त त्याची नोंद आहे. पण इतक्या जुन्या, इतक्या नावाजलेल्या तीर्थाचा मुख्य देव मधली कित्येक शतकं कुणाच्या दृष्टीस पडत नव्हता. तो मातीखाली होता.

मूर्ती सापडली ती 7 डिसेंबर 1888 रोजी. मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष नुकताच लागलेला होता. आबांचे वडील तेव्हा गुरं वळण्याच्या वयाचे पोर होते. त्यांनी जे पाहिलं आणि ऐकलं, ते आबांना सांगितलं, आणि आबांनी मला. गोष्ट दोनच पिढ्यांच्या तोंडून माझ्यापर्यंत आली, म्हणून तिच्यातला धुरळा अजून ताजा वाटतो.

ती अशी. गावात एका ठिकाणी माती खणत होते. कुदळ लाकडावर आपटली. आवाज बदलला तसे खणणारे थांबले. माती हातानं सारली तर लाकडी पेटी लागली, माणसापेक्षाही लांब. झाकण काढलं आणि आतून काळा तुळतुळीत चेहरा वर बघत होता. गावात हाकाटी झाली. बाजार उठला, चुली तशाच जळत राहिल्या. पेटीत देवाचे दागिने होते आणि ताम्रपटही होते, असं सगळे जुने लोक सांगतात. हे दागिने आणि ताम्रपट सरकारजमा झाले. ते मेहकरला परत आले नाहीत.

तेव्हा वऱ्हाड नावाला निजामाचं होतं, पण 1853 पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. 1878 साली इंग्रज सरकारनं गुप्तधनाचा कायदा केला होता. जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू अधिकाऱ्याला कळवावी लागे आणि पुढं तिचं काय करायचं ते सरकार ठरवी. मेहकरच्या वडीलधाऱ्यांना कायद्याची कलमं माहीत नसतील, पण अशा वस्तूंचं पुढं काय होतं ते कानावर होतं. सरकारला खबर गेली होती. मूर्ती विलायतेला नेणार, असं गावात पसरलं. वरून हुकूम यायच्या आत देव उभा राहिला पाहिजे, असं गावानं ठरवलं आणि घाईनं मूर्तीची प्रतिष्ठा केली. हुकूम आला तेव्हा देवाची पूजा चालू झालेली होती.

या प्रसंगावर आबा थांबत आणि आवाज खाली आणून म्हणत, "पेटीत होता तवर तो सरकारचा माल होता. उभा राह्यला अन् गावाचा बाप झाला. बापाले कोन उचलून नेते?"

आजीची गोष्ट थोडी वेगळी होती. तिच्या गोष्टीत बाया होत्या. तिनं सासूकडून ऐकलं होतं की त्या दिवसांत घराघरांतून भाकरी येत होत्या, म्हणजे पहाऱ्याच्या माणसांना जेवायला घरी जावं लागू नये. बायांनी देवाच्या भोवती बसून रात्री जागवल्या, ओव्या म्हटल्या. "मानसायनं देव उभा केला, खरं हाय. पन त्याच्यापाशी बसल्या होत्या त्या बाया," असं ती ठासून सांगे. आबा तिला कधी खोडत नसत. एकाच घटनेच्या या दोन गोष्टी आमच्या घरात शेजारी शेजारी राहिल्या. लिहिलेल्या नोंदींत पेटी, मूर्ती आणि तारीख येते. भाकरी आणि जागरण फक्त आजीच्या गोष्टीत येतं, आणि गाव कसं वागलं हे कळायला ते तितकंच लागतं.

मला लहानपणी वेगळाच प्रश्न पडायचा. देवाला पेटीत कुणी घातलं? आबा म्हणत, "आपल्याच मानसायनं. त्याइनं त्याले फेकला नाई. आंग पुसून, दागिन्यासंगं, लेकरू झोपवावं तसा झोपवला." मेहकर हा मोक्याचा गाव. निजाम, पेशवे, नागपूरकर भोसले, पेंढारी, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा या वाटेनं गेल्या. अशा गावात देव राखायचा म्हणजे काही वेळा तो डोळ्यांआड करायचा. नदीच्या डोहात, विहिरीत, शेताच्या बांधाखाली, महाराष्ट्रात कितीतरी मूर्ती अशा सुखरूप राहिल्या. ज्यांनी शारंगधराला पेटीत निजवलं, त्यांना गुपित कुणाला तरी सांगावंसं वाटलं असेल. पण सांगितलं असतं तर राखण मोडली असती. ते गप्प राहिले, त्यांच्या मुलांपर्यंत जागा पोचली नाही, आणि नातवंडांच्या पायाखाली देव निजून राहिला. त्या माणसांचं नाव कुठल्याही शिळेवर नाही. मला मेहकरच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी माणसं तीच वाटतात.

मेहकरची राखण आणखीही हातांनी केली. गावाला तटबंदी होती. मोमीनपुऱ्याच्या वेशीवरचा लेख 1488 सालचा आहे. मोमीन म्हणजे इथले विणकर. मेहकरची धोतरं त्यांच्या मागांवर निघत आणि दूरवर विकली जात. गावाचा तट पुरा करायला या विणकरांनी पैसा दिला. आबांचे एक दोस्त याच पुऱ्यातले होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. वेशीपाशी आलं की ते दगडावर हात ठेवून म्हणत, "हे आमच्या बुढ्यायनं धोतरं विकून बांधलं, बेटा." देव देवळात उभा असो की मातीखाली निजलेला, विणकरांनी बांधलेला तट त्याच्याभोवती होता. गावाची राखण वाटून घेतलेली असते, हे मी त्या दगडापाशी शिकलो.

मूर्तीची प्रतिष्ठा करताना तिला आधी पाण्यात ठेवतात, तो जलाधिवास. मग धान्यात ठेवतात, तो धान्याधिवास. मग शय्येवर निजवतात. त्यानंतर डोळे उघडण्याचा विधी, आणि शेवटी मंत्रांनी प्राण. शिल्पकारानं घडवलेला दगड देव होण्याआधी पाणी, धान्य आणि झोप या तिन्हींतून जातो. म्हणजे शेतात बी ज्या वाटेनं जातं, तीच ही वाट. आमच्या गल्लीतले एक जुने गुरुजी म्हणायचे की शारंगधराला आणखी एक अधिवास घडला, मातीचा. आणि तो सगळ्यांत लांब चालला. शास्त्रात असा अधिवास सांगितलेला नाही. पण शेतकऱ्यांच्या गावाला तो पटला, कारण मातीत घातलेलं पुन्हा वर येतं यावरच त्यांचं जगणं उभं आहे.

याच गुरुजींनी मला विष्णूची मूर्ती वाचायला शिकवली. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म असतं. चार आयुधांची चार हातांतली जागा बदलली की विष्णूचं नाव बदलतं. अशा चोवीस मांडण्या होतात आणि संध्येत म्हणतात ती चोवीस नावं, केशव, नारायण, माधव, गोविंद, याच मांडण्यांची आहेत. मोजायला उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करायची, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. आम्ही पोरं जिल्ह्यातल्या जुन्या देवळांत जायचो ती बोटं मोजत. साकेगाव असो की सातगाव भुसारी, दगडी भिंतीपुढं उभं राहिलं की हा कोण, तो कोण, अशी पैज लागायची. मूर्तीभोवतीच्या प्रभावळीत दशावतार कोरायची रीत होती. त्यात वराह दिसला की आजी हात जोडायची. वराहानं पृथ्वीला पाण्यातून वर काढलं. ती म्हणायची, "यानं धरनीले वाचवलं, अन् धरनीनं याले वाचवलं. फिटंफाट झाली." देव आणि माती यांच्यातला हा हिशेब तिनं एका वाक्यात मांडला होता. त्यापुढं मला कुठल्याही ग्रंथात नवं काही मिळालं नाही.

लोणारला आम्ही आजीबरोबर जायचो. मेहकरहून यष्टी लोणारला टेकली की आधी धारेवर. गोमुखातून पडणारी ही धार बारा महिने वाहते, आणि तिचं पाणी काशीच्या गंगेचं, असं लोणारची माणसं मानतात. अंघोळ झाली की धारेच्या वरच्या काठावरून ते प्रचंड तळं दिसायचं. गोल, खोल, मध्ये हिरवट पाणी आणि भोवती झाडी. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं हे विवर आहे, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. वयाचे अंदाज पन्नास हजार वर्षांपासून पावणेसहा लाख वर्षांपर्यंत आहेत. आजीची गोष्ट या आकड्यांच्या आधीपासून चालत आलेली.

लवणासुर या खड्ड्यात राहायचा आणि वर डोंगराचं झाकण ठेवायचा. त्याला दोन बहिणी होत्या. विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आला. बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि भावाची जागा सांगून बसल्या. देवानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं. ते नैर्ऋत्येला कित्येक कोसांवर धातेफळजवळ जाऊन पडलं, ती तिथली टेकडी. मग युद्ध झालं आणि दैत्य मेला. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचं मांस.

वरून काहीतरी आलं, प्रचंड आघात झाला, जमीन उडाली आणि मोठा खड्डा राहिला. या गोष्टीतला हा गाभा भूशास्त्राच्या उत्तराशी जवळीक सांगतो. त्या आघाताच्या वेळी तो पाहून सांगणारं कुणी इथं नव्हतं. पण पिढ्यान्‌पिढ्या या काठावर उभं राहून लोकांनी विचार केला: असा खड्डा पावसानं पडत नाही, नदीनं पडत नाही, इथं काहीतरी विलक्षण घडलेलं आहे. गोष्ट म्हणजे त्या विचाराचं फळ. तिला भाबडी कल्पना म्हणून बाजूला सारणं मला कधीच जमलं नाही.

आणि खार तर आमच्या घरात होता. लोणारच्या तळ्यातून निघणाऱ्या क्षारांना वेगवेगळी नावं होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. साबण, काच, बांगड्या, रंगाई अशा कामांना ते लागत. अबुल फजलनं सोळाव्या शतकात काचेला आणि साबणाला लागणारा माल इथं मिळतो असं लिहून ठेवलं आहे. आजी पापडखार लोणारचाच हवा म्हणायची. उन्हाळ्यात उडदाच्या पिठात तो मिसळताना ती म्हणायची, "पाह्य, दैत्य मेला तरी कामाले आला." तिच्या धर्मात काही वाया जात नव्हतं. देवानं मारलेला दैत्यही गावाच्या पोटापाण्याला लागत होता.

विवराच्या तळाशी, पाण्याकाठी कमळजादेवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथं यात्रा भरते. देवळासमोर सासू-सुनेची विहीर आहे, तिची एक बाजू गोड्या पाण्याची आणि दुसरी खाऱ्या. सोड्याचा खार असलेल्या तळ्याच्या काठाशी गोडे झरे फुटतात, म्हणून असं होतं. आजीबरोबरच्या बाया तिथं पोचल्या की कोण कुठलं पाणी यावरून हसून घ्यायच्या, मग देवीची ओटी भरायच्या. खारं आणि गोडं एकाच विहिरीत नांदतं, हे घरात रोज पाहणाऱ्या बायांना त्या विहिरीचा अर्थ कुणी सांगावा लागत नव्हता.

वर गावात दैत्यसूदनाचं देऊळ. काळ्या दगडाचं, तारकेसारख्या कोनांच्या पायावर उभं, बाहेरून अंगभर कोरलेलं. लोक याला हेमाडपंती म्हणतात. यादवांचा करणाधिप हेमाद्री तेराव्या शतकातला. त्याचं नाव महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या, चुन्याशिवाय बांधलेल्या देवळांना चिकटलं, आणि त्यांतली बरीच त्याच्याही आधीची आहेत. आत छतावर लवणासुराच्या वधाचं शिल्प आहे. अंधारात मान वर करून ते पाहायचं, म्हणजे बाहेर तळ्याकाठी ऐकलेली गोष्ट आत दगडात भेटते. गोष्ट जिथं घडली असं मानतात तिथंच ती कोरलेली, अशी देवळं फार नाहीत.

या देवळाचा बराचसा भाग मातीखाली गेला होता आणि एकोणिसाव्या शतकात तो मोकळा झाला. मूळ मूर्ती नाहीशी झाली होती. आजची मूर्ती नागपूरकर भोसल्यांनी बसवली. म्हणजे मेहकरात मूर्ती राहिली आणि देऊळ गेलं, लोणारात देऊळ राहिलं आणि मूर्ती गेली. दोन्हीकडं जे राहिलं होतं त्याच्याभोवती लोकांनी उरलेलं पुन्हा उभं केलं. मे महिन्याच्या मध्याला, सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसांत, देवळात ऊन शिरतं आणि दैत्यसूदनाच्या मुखावरून उतरत जातं. त्या किरणोत्सवाला गाव जमतं. ज्या स्थपतीनं हा दगड आणि हा उजेड जुळवला, त्याची मूळ मूर्ती गेली, तरी त्यानं ठेवलेली वेळ पाळली जाते.

देव उभा करणं हे गावाचं काम, हे पाहायचं तर देऊळगावराजाला जावं. सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्यानं सतराव्या शतकात तिथं बालाजीचं ठाणं वाढवलं. आश्विनातल्या उत्सवात तिथं लाठामंडप उभा करतात. उंच सागवानी लाठा दोरखंडांनी ताणून, शेकडो हातांच्या जोरावर उभ्या होतात आणि त्यांवर मांडव चढतो. एका बाजूनं ओढ कमी पडली तर लाठ कलते. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच हाकेवर ओढायचं असतं. आबांनी मला खांद्यावर घेऊन ते दाखवलं होतं. मेहकरात 1888 साली गावानं मूर्ती कशी उभी केली असेल, ते मला त्या दोरखंडांकडं पाहून कळलं.

आबांच्या त्या वाक्याला, म्हणजे उभा राहिलेला देव हा माल नसतो या समजुतीला, कायद्यानंही मान दिला. 1887 साली, म्हणजे मेहकरची मूर्ती सापडण्याच्या आदल्याच वर्षी, मुंबई उच्च न्यायालयानं डाकोरच्या रणछोडरायाच्या देवस्थानाच्या खटल्यात देव ही कायद्यानं मान्य होणारी व्यक्ती असल्याचं धरलं. देवाला मालमत्ता असू शकते आणि त्याच्या वतीनं न्याय मागता येतो. पुढं ही गोष्ट थेट लंडनला पोचली. तमिळनाडूत तंजावरच्या मुलखात पाथूर गावी 1976 साली एका मजुराला माती खणताना पंचधातूचा नटराज सापडला. तो चोरवाटांनी विलायतेत गेला. त्याच्यासाठी लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि त्यात पाथूरचं देऊळ स्वतः पक्षकार होतं. 1988 मध्ये निकाल देवळाच्या बाजूनं लागला, अपिलातही टिकला आणि 1991 मध्ये नटराज मायदेशी आला. मेहकरनं आपल्या देवासाठी जी भीती बाळगली होती, ती पाथूरला खरी ठरली. फरक एवढाच की मेहकरच्या लोकांनी देव गावाबाहेर जाऊ दिला नाही, आणि तेही न्यायालय पाठीशी नसताना.

म्हणून मला वाटतं की आमच्या घाटावरच्या या देवळांचा खरा अर्थ या राखणीत आहे. कथेत देवानं दैत्य मारून गाव राखलं. इतिहासात गावानं देव राखला, कधी पेटीत निजवून, कधी तट बांधून, कधी भाकरी पोचवून, कधी दोर ओढून. दोन्ही मिळून ही परंपरा पुरी होते. फक्त पहिली अर्धी सांगितली तर भक्तीला काम उरत नाही, आणि फक्त दुसरी सांगितली तर कामाला कारण उरत नाही.

ही राखण आज आपल्यावर आहे. लोणार 2000 सालापासून अभयारण्य आहे. जून 2020 मध्ये क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं तळं गुलाबी झालं तेव्हा सगळ्या जगाचं लक्ष इकडं वळलं. त्याच वर्षी ते रामसर स्थळ झालं. पण त्यानंतर तळ्यातलं पाणी चढत गेलं आणि काठावरच्या देवळांना भिडलं. पाणी गोडं होत गेलं तर जुना खार आणि त्याच्यावर जगणारी सूक्ष्मसृष्टी दोन्ही पातळ होतील. विवरातली जुनी देवळं झाडांच्या मुळांनी उकलत आहेत. गावोगावच्या हेमाडपंती देवळांना भक्तीच्याच पोटी ऑइलपेंट फासला जातो, गाभाऱ्यात चकचकीत फरशा बसतात, कोरीव दगड सिमेंटखाली जातात. हेतू चांगला असतो. पण ज्या दगडांनी सात-आठशे वर्षं ऊन-पाऊस सोसला, त्यांचा श्वास रंगाच्या थरानं कोंडतो, आणि हातांतली आयुधं बुजली की देवाचं नावही वाचता येत नाही.

गोष्टींचंही तसंच आहे. मेहकरची पेटी, बायांचं जागरण, लोणारचं उडालेलं झाकण, हे सांगणारी पिढी आता ओट्यावर फारशी उरलेली नाही. तुमच्या गावच्या देवळाची गोष्ट घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून ऐका. आजोबांची ऐका आणि आजीची वेगळी ऐका, कारण ती वेगळीच असते. जसं सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवा. मूर्तीचे हात उजव्या खालच्यापासून मोजा आणि क्रम लिहा. शिल्पाचा तुकडा शेतात, बांधावर पडलेला दिसला तर तो हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवा, कारण दगडाची जागा हीसुद्धा त्याची साक्ष असते. देवळाला रंग द्यायची वर्गणी निघाली तर तीच वर्गणी गळतं छत दुरुस्त करायला आणि भिंतीतली पिंपळाची मुळं काढायला वापरा, असं चारचौघांत उठून सांगा.

मेहकरच्या त्या अनामिक माणसांना गुपित ठेवून देव राखावा लागला, कारण त्यांच्या काळात बोलणं धोक्याचं होतं. आपल्या काळात धोका उलटा आहे. आज जे सांगितलं जाणार नाही, लिहिलं जाणार नाही, ते जाईल. त्यांनी गप्प राहून जे काम केलं, ते आपल्याला बोलून करायचं आहे.